आठनंतरचा नंबर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्यासपीठावर दरवर्षी मोठी माणसं बोलून जातात. यंदा मला विचारलं तेव्हा मी सेक्रेटरींना म्हटलं, "अहो, मी डॉक्टर नाही. मी डॉक्टरांच्या दाराशी बसते." ते म्हणाले, "डॉक्टरांना दोनदा विचारलं, त्यांना वेळ नाही. म्हणून तर तुम्ही!"

माझं माहेर नांदेड. लग्न होऊन हैदराबादला आले आणि गेली १९ वर्षं काचीगुड्याच्या बाजूला एका फिजिशियनच्या क्लिनिकमध्ये रजिस्टर सांभाळते. नंबर देणं, फाइल काढणं, फी घेणं, आणि "अजून किती वेळ?" या प्रश्नाला दिवसातून शंभर वेळा उत्तर देणं, हे माझं काम. आपल्या हैदराबादेत "पाँच मिनट" म्हणजे किती हे मी तुम्हाला सांगायला नको.

आमचं क्लिनिक संध्याकाळी सहा ते साडेआठ. लोक म्हणतात, डॉक्टर सकाळी का बसत नाहीत? सकाळी ते हॉस्पिटलमध्ये राउंड घेतात, अकरा ते दोन तिथली ओपीडी, दुपारी भरती असलेले पेशंट, मध्येच आयसीयूमधून बोलावणं. डॉक्टर हेही नोकरीच्या वेळेत अडकलेलं माणूसच. सरकारी दवाखान्यात चिठ्ठीची खिडकी सकाळी उघडते आणि दुपारी बाराच्या आसपास बहुतेक ठिकाणी बंद होते. म्हणजे ज्या तासांत सगळं शहर कामावर असतं त्याच तासांत डॉक्टर भेटतो. आणि संध्याकाळी भेटणारा डॉक्टर तुम्ही कामावरून सुटून बस पकडेपर्यंत उठायला आलेला असतो.

माझ्या रजिस्टरचं कुठलंही पान उघडा. पहिले दहा नंबर निवृत्त मंडळींचे. साडेपाचलाच येऊन पेपर वाचत बसतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. आजारपण त्यांचंही खरंच असतं, आणि गप्पाही चांगल्या होतात. त्यानंतर रात्रीच्या गाडीने नांदेड-परभणीकडून आलेले आपले लोक. ते दिवसभर नातेवाइकांकडे थांबून संध्याकाळी येतात, परतीची गाडी असते म्हणून त्यांना लवकर सोडावं लागतं. मग गृहिणी. नोकरदार उरतात शेवटच्या पाच-सात नंबरांत, आणि तेही पोचले तर. हायटेक सिटीतून मुलींचे फोन येतात, "मॅम, साडेनऊ चलेगा क्या?" त्यांचं ऑफिस अमेरिकेच्या घड्याळावर, आमचं क्लिनिक काचीगुड्याच्या.

पण त्या मुलींचं एक बरं आहे. त्यांना हाफ डे मिळतो. बँकेतल्या माणसाला किरकोळ रजा मिळते. मार्च महिना असला तर साहेब तोंड वाकडं करतो, पण मिळते. दुकानात काम करणाऱ्याचं, सिक्युरिटीवाल्याचं, घरोघर धुणीभांडी करणाऱ्या बाईचं काय? तिथे रजा हा शब्दच नाही. तिथे असतो खाडा.

आणि डॉक्टरकडे जाणं हे एकदा जाणं नसतं. साखरेचं उदाहरण घ्या. पहिल्या दिवशी तपासणी. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग जेवून दोन तासांनी परत रक्त द्यायचं. त्या दोन तासांत माणूस कुठेही जाऊ शकत नाही, सकाळ गेली. रिपोर्ट संध्याकाळी. तो दाखवायला पुन्हा नंबर. डॉक्टरांची फी सगळे मोजतात. हे खाडे कोणी मोजत नाही, ज्याचे पडतात तो सोडून. एचबीएवनसी म्हणून तपासणी आहे, मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवते. तिला उपाशी राहावं लागत नाही, दिवसात कधीही रक्त देता येतं. अंगात रक्त कमी असेल तर तिचा आकडा फसवतो, म्हणून डॉक्टरांना विचारायला हवं. पण विचारा तरी! "साहेब, माझी सकाळची ड्यूटी आहे, दुसरी तपासणी चालेल का?" एवढं वाक्य बोलायला आपले लोक घाबरतात.

कोणी म्हणेल, कामगारांसाठी ईएसआय आहे की. आहे. २४ फेब्रुवारी १९५२ला कानपूर आणि दिल्लीत ती योजना सुरू झाली, आणि तिने लाखो घरं सावरली आहेत. जानेवारी २०१७पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला माणूस तिच्यात येतो. जुलै २०१९पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. आजारी पडून घरी बसलात तर पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण १९४८च्या मूळ कायद्यात एक अट होती: आजारपणाचे पहिले दोन दिवस भत्ता नाही. कारण उघड आहे, एकेका दिवसाच्या खोट्या रजा होऊ नयेत. त्याचा अर्थ असा झाला की अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सोय झाली आणि अंथरुणाला खिळू नये म्हणून अर्धा दिवस डॉक्टरकडे जाणाऱ्याची झाली नाही. धुणीभांडी करणारी बाई तर या योजनेत कुठेच बसली नाही.

आता एक हकीकत सांगते. नाव सांगत नाही.

२०१६ सालची गोष्ट. उदगीरकडचा एक माणूस, वय बेचाळीस, उप्पलच्या बाजूला एका अपार्टमेंटच्या गेटवर सिक्युरिटीला. ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ, बारा तास. दसऱ्याच्या आधी एक दिवस सुट्टी मिळाली तेव्हा आमच्याकडे आला. डोकं दुखतं म्हणाला. बीपी निघालं १८० आणि ११०. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांनी ये म्हणाले. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, आठनंतरचा नंबर भेटंल का?" त्याची ड्यूटी आठला सुटणार, उप्पलहून बस, म्हणजे सव्वानऊ. आमचं दार साडेआठला बंद. मी त्याला रविवारचं विचारलं, तर रविवारी आम्ही नाही. मग "सुट्टी मिळाली की येतो" म्हणाला. महिन्याभराने पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. गोळ्या चालू आहेत ना, विचारलं. म्हणाला, मेडिकलवाल्याने एक पाकीट दिलं होतं, आता चिठ्ठी मागतो.

डिसेंबरात त्याची बायको आली. नवऱ्याची जुनी चिठ्ठी हवी होती, कागदपत्रांसाठी. तिच्याकडून कळलं ते असं. त्या आठवड्यात त्याला रात्रपाळी लावली होती. पहाटे पाचच्या सुमारास डावा हात उचलेना. थंडीने बधिर झाला असेल म्हणून चोळत बसला. बोलणं जड झालं. गेट सोडता येत नाही, आठला बदली येणार. बदलीचा माणूस आला साडेनऊला. मग रिक्षा, मग मोठं हॉस्पिटल, तोवर अकरा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पाच ते अकरा, तुम्हीच मोजा. माणूस वाचला. हात गेला. आता ते उदगीरला परत गेलेत, बायको दुसऱ्यांच्या शेतावर जाते.

बीपीची गोळी महाग नाही. त्या माणसाला डॉक्टर मिळाला होता, निदान झालं होतं, औषध लागू पडत होतं. मिळाला नाही तो फक्त साडेआठनंतरचा अर्धा तास.

आमचे डॉक्टर फार बोलणारे नाहीत. चिठ्ठीची नक्कल देऊन बाई गेल्यावर बराच वेळ आत बसून होते. पुढच्या आठवड्यात म्हणाले, मंगळवार आणि शुक्रवार साडेनऊपर्यंत बसू, पाच नंबर वेगळे ठेवा. तेव्हापासून ठेवतो. पण मंडळी, पहिल्या महिन्यात काय झालं माहीत आहे? ते पाचही नंबर गेले ज्यांना दुपारीही वेळ असतो त्यांच्याकडे. "रात्री गर्दी नसते हो, निवांत होतं!" मग मी विचारायला लागले, कामावरून थेट येता का? एक बाई म्हणाल्या, हो, सासूबाईंच्या ड्यूटीवर असते! हसू आलं, पण नंबर नाही दिला. आता ते नंबर फोनवर देतच नाही. ज्याला बारा तासांची ड्यूटी आहे तो मला आवाजावरून कळतो म्हणा, १९ वर्षं झाली.

सरकारांनाही हे थोडंथोडं कळू लागलेलं दिसतं. आपल्याकडे २०१८ला बस्ती दवाखाने सुरू झाले, औषध-तपासणी फुकट, घराजवळ. वेळ मात्र सकाळी नऊ ते चार. २०२२ला त्यांची सुट्टी रविवारवरून शनिवारवर नेली. वाचायला बारीक बातमी, पण ज्याला फक्त रविवारच मोकळा त्याला विचारा. त्याच वर्षी मुंबईत आपला दवाखाना निघाला, तो दोन पाळ्यांत, रात्री दहापर्यंत. केरळात २०१७पासून आर्द्रम योजनेत कुटुंब आरोग्य केंद्रांची ओपीडी संध्याकाळी सहापर्यंत नेली. २०१७लाच रक्तदाबाचा एक सरकारी कार्यक्रम तेलंगणा, महाराष्ट्र अशा पाच राज्यांत सुरू झाला, त्यात एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या देण्यावर भर होता. पूर्वी कितीतरी ठिकाणी आठ-दहा दिवसांच्याच मिळायच्या. महिन्याच्या गोळ्या म्हणजे तीन खाड्यांऐवजी एक.

मार्च २०२०मध्ये फोनवरून, व्हिडिओवरून तपासण्याचे नियम आले, एप्रिलात ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. जुन्या बीपी-शुगरच्या पेशंटला तीच गोळी पुढे चालू ठेवायला ही सोय फार चांगली. सगळी औषधं तशी लिहून देता येत नाहीत. आणि पोटात गाठ आहे का हे फोनवरून कळत नाही, छातीत दुखत असताना तर फोन लावत बसूच नका. पण आमच्याकडे रात्रपाळीवाले कितीतरी जण आता दोन वेळा फोनवर आणि तिसऱ्या वेळी समक्ष असे येतात. नोव्हेंबर २०२५ला नवीन कामगार कायदे लागू झाले, ईएसआयही त्यातच गेली, आणि चाळिशीवरच्या कामगारांना वर्षातून एकदा मालकाने फुकट तपासणी करून द्यायची असं सरकारने सांगितलं आहे. तपासणी होईल. तपासणीत काही निघालं तर पुढच्या फेऱ्यांना सोडणार का, हा माझा प्रश्न आहे.

आणि तो मी सरकारला नाही, या हॉलला विचारते. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची दुकानं आहेत, वर्कशॉप आहेत. काही जण कंपनीत एचआरला आहात. कित्येक जण सोसायटीच्या कमिटीवर आहात, गेटवरच्या माणसाची ड्यूटी तुम्ही ठरवता. तो बारा तास उभा असतो तेव्हा त्याच्या बदलीची सोय कोणी केली आहे का? आणि आम्हा बायकांना तर मी नक्कीच विचारणार. आपली कामवाली "उद्या दवाखान्यात जायचंय" म्हणाली की आपण आधी काय म्हणतो? "पाहुणे येणार आहेत, परवा जा." परवा दुसऱ्या घरी पाहुणे असतात. तिला महिन्यातून एक सकाळ खाडा न कापता द्या, आणि ती आपणहून सांगा, तिने मागायची वाट बघू नका. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कोणाच्या फाइलवर दोन तारखांमध्ये आठ महिन्यांचं अंतर असलं की मला कळतं, या बाईला विचारायची चोरी आहे.

दोन-तीन गोष्टी नोकरदारांसाठी. नंबर घेताना कामाची वेळ स्पष्ट सांगा, नुसतं "लवकरचा द्या" म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. निघायच्या आधी फोन करून कितवा नंबर चालू आहे विचारा. जुनी चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा. "ती पांढरी गोळी" म्हटल्यावर डॉक्टरांची पाच मिनिटं जातात आणि तुमच्या मागच्याची बस. आणि पुढची तारीख आत डॉक्टरांसमोरच ठरवून घ्या, बाहेर येऊन माझ्याशी भांडू नका!

(भाषणानंतर श्रोत्यांतून एका काकांनी विचारले की सातची वेळ देऊन डॉक्टर पावणेआठला का बोलावतात. त्याचे उत्तरही इथे देते.)

काका, प्रश्न बरोबर आहे. आम्ही प्रत्येकाला सात-आठ मिनिटं धरतो. तेवढ्यात सर्दी-खोकला बसतो. पण ज्याला आज पहिल्यांदा साखर आहे असं सांगायचं असतं त्याला वीस मिनिटं लागतात, आणि तो रडला तर आणखी. त्याला मध्येच उठवता येत नाही. एम.आर. लोकांना आम्ही शेवटी बसवतो, तरी दोन जण घुसतातच. त्यात हॉस्पिटलमधून फोन आला तर संपलंच. तुम्ही निवृत्त आहात ना? मग मंगळवार-शुक्रवार सोडून या. सहाला पहिला नंबर तुमचा, अगदी वेळेवर.