आरएनए-बंधक प्रथिने आणि एका अक्षराचा आजार

(झाशी येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन, हा क्रम आपणा सर्वांना पाठ आहे. मात्र या प्रवासात आरएनए सहसा एकटा नसतो. त्याची काटछाट करणारी, त्याला पेशीकेंद्रकाबाहेर नेणारी, त्याचे आयुष्य ठरविणारी प्रथिने त्याला बिलगलेली असतात. हीच आरएनए-बंधक प्रथिने. मानवात त्यांचे सुमारे 1,500 प्रकार असल्याचा अंदाज आहे.

ती बिघडली की पेशी आजारी पडते. एएलएस या चेतासंस्थेच्या आजारात टीडीपी-43 हे प्रथिन केंद्रकातून बाहेर पडून साकळते, हे 2006 मध्ये उघड झाले. परंतु आज मला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, या आजाराविषयी अधिक बोलायचे आहे. त्यात मज्जारज्जूतील चेतापेशी मरतात व बालकाचे स्नायू दुर्बळ होत जातात.

यास कारणीभूत असलेले एसएमएन-1 हे जनुक 1995 मध्ये सापडले. रुग्णात ते नसते किंवा निकामी असते. त्याचे जुळे भावंड, एसएमएन-2, मात्र शाबूत असते. मग ते मदतीस का येत नाही? त्याच्या सातव्या एक्झॉनमध्ये 'सी'च्या जागी 'टी' आहे. या बदलाने अमिनो आम्ल बदलत नाही. परीक्षेत कोणी विचारले तर आपण त्यास निरुपद्रवी म्हणू! प्रत्यक्षात त्या एका अक्षरामुळे एसआरएसएफ-1 या मदतनीस प्रथिनाची पकड सुटते आणि एचएनआरएनपी ए-1 या विरोधी प्रथिनास जागा मिळते. काटछाटीत सातवा एक्झॉन बहुधा गळतो व पूर्ण लांबीचे प्रथिन जेमतेम दहा टक्के बनते.

पुढील इंट्रॉनमध्येही या विरोधी प्रथिनाची बैठक आहे. ती जागा रवींद्र सिंह व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखविली. तीच जागा झाकणारे नुसिनर्सेन हे औषध डिसेंबर 2016 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. 2020 मध्ये रिसडिप्लाम आले. तेही सातवा एक्झॉन टिकवते आणि तोंडावाटे घेता येते.

येथे विज्ञान संपून अर्थकारण सुरू होते. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण 2021 चे. त्यातील साहाय्याची मर्यादा 2022 मध्ये 50 लाख रुपये झाली. रिसडिप्लामची 60 मिलिग्रॅमची बाटली सुमारे 6.2 लाखांस मिळत असे. 20 किलोपेक्षा अधिक वजनाच्या रुग्णास रोज 5 मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला तीस बाटल्या लागतात. हिशेब आपणच करा : 50 लाख रुपये जेमतेम तीन महिने पुरत. पेटंटच्या वादात मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय कंपनीस रोखण्यास नकार दिला. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. बाटलीची छापील किंमत 15,900 रुपये झाली. वर्षाचा खर्च पाच लाखांच्या आत आला.

तरीही मेलेली चेतापेशी कोणतेही औषध परत आणत नाही. निदान लक्षणे दिसण्यापूर्वी व्हावे लागते. उत्तर प्रदेशातील या धोरणाचे उत्कृष्टता केंद्र लखनौच्या संजय गांधी संस्थेत आहे. मान न सावरणाऱ्या बालकास घेऊन झाशीहून निघालेल्या आईला तेथवर सुमारे 300 किलोमीटर जावे लागते.