खेप कुठं उतरली?

घंटागाडी दारावरून पुढं सरकली की किनाऱ्यावरच्या गावांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गाडी इली, कचरो गेलो." खंय गेलो, हे मात्र कोणी विचारत नाही. आजच्या दहा मिनिटांत तेवढंच विचारायचं आहे.

सिंधुदुर्गातल्या देवबागानं हा प्रश्न टाळून चालणार नाही. कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये अंग चोरून बसलेली वाळूची पट्टी, एवढंच हे गाव. काही घरांच्या पुढल्या दारी समुद्र आणि मागल्या दारी खाडी. कचरा पुरायचा तर जागा नाही, किनाऱ्यावर टाकायचा तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची मनाई. तेव्हा होमस्टेमधल्या उष्ट्यापासून स्कूबाला आलेल्या पाहुण्यांच्या रिकाम्या बाटल्यांपर्यंत सगळं उचलून गावाबाहेर न्यायचं. आणि नेणं आलं की ठेका आला, दर आला, खेपा आल्या, बिल आलं.

आता रापण आठवा. होडी जाळं टाकत समुद्रात वळसा घेते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात आणि मासळी वाळूवर येते. मग तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचे. कोणी म्हणत नाही की हिशेब कार्यालयात आहे, अर्ज करा. एखाद्यानं दोन सुरमया हळूच टोपलीखाली सारल्या तर किती गलका होईल, ते देवबागकरांना सांगायला नको.

कचऱ्याच्या ठेक्यातही सुरमई असते. पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठा, पत्र्याचे डबे यांना भंगारात भाव मिळतो, चिप्सच्या पाकिटाला कुत्रं विचारत नाही. सुक्या कचऱ्यातून आलेले पैसे कोणाचे, पंचायतीचे, ठेकेदाराचे की वेचणाऱ्यांचे? पुण्यात २००८ साली महापालिकेनं 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी करार केला. घरटी शुल्क आणि भंगाराची विक्री, दोन्हींवर वेचणाऱ्यांचा हक्क. व्यवस्थेबद्दल भांडणं तिथंही झाली, पण कशावरून भांडायचं ते तरी लोकांना ठाऊक होतं.

आणि जिथं कोणी पाहत नाही तिथं काय होतं? मुंबईत २०१५ मध्ये नालेसफाईची चौकशी झाली. गाळ वाहिल्याच्या नोंदी खोट्या निघाल्या, ठेकेदार काळ्या यादीत गेले, अभियंते निलंबित झाले. पुढं तिथंच कचऱ्यात डेब्रिज मिसळून वजन वाढवल्याची प्रकरणं निघाली. पैसे टनावर मिळत असतील तर दगडविटांनाही कचऱ्याचा भाव येतो! वजनकाट्याची पावती होती, पण ती फायलीत होती. गाळ उतरला कुठं, हे त्या नाल्याकाठच्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पुन्हा तेच. खेप कुठं उतरली?

याला नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा. अर्ज करून माहिती मागायची, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पण त्याच कायद्याचं कलम ४ म्हणतं की खर्चाची आणि कारभाराची माहिती कार्यालयानं आपणहून मांडावी. २०२० पासून ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पंचायतींचा खर्च दिसतो, हे चांगलंच. पण 'घनकचरा व्यवस्थापन' आणि पुढं रक्कम, एवढ्या नोंदीवरून गाडी किती वेळा आली ते कळत नाही. पंचायतीबाहेरच्या फळ्यावर चार ओळी पुरेत: ठेका कोणाला, दर काय, या महिन्यात खेपा किती, आणि उतरल्या कुठं. फळ्याला खडूचा खर्च तेवढा.

दाखला हवा असेल तर तो याच जिल्ह्यात आहे. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनं आपल्या डंपिंग ग्राउंडचं 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' केलं. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना वर्गीकरण घरापासून सुरू झालं आणि जिथं लोक नाक दाबून पुढं जायचे तिथं बघायला येऊ लागले. वर्गीकरणाचं कौतुक पुष्कळ झालं. त्याहून मोलाचं म्हणजे फाटक उघडं झालं, कोणीही आत जाऊन ढीग पाहू शकतो. पाहणारे आले की गाडीवाल्यालाही नीट उतरवावं लागतं.

देवबागकरांना जरा रागवायलाही हवं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवसांच्या आसपास ग्रामसभा भरतात. रस्ता आणि धूपप्रतिबंधक बंधारा यांवर तास जातो, तो जायलाच हवा, समुद्र घराशी आलाय. पण कचऱ्याचा विषय निघाला की अर्धी सभा चहाला उठते. राजस्थानातल्या गावांत १९९४ च्या अखेरीस जनसुनवाया सुरू झाल्या, तेव्हा बिलं गावासमोर मोठ्यानं वाचली गेली. न झालेल्या कामांचे पैसे उचललेले त्यातूनच सापडले. एक खेपांची वही सभेत वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. होमस्टेवाल्यांनी शुल्क द्यावं की नाही, किती द्यावं, हा वाद त्यानंतरचा, आणि त्याला तर...

समोरच्या घड्याळाचा काटा खुणावतोय. फाटक्या नायलॉन जाळ्यांचं आणि शहाळ्यांच्या ढिगांचं बोलायचं राहिलंच, ते पुन्हा कधीतरी. तोवर येत्या सभेला जाताना चार ओळींचा तो फळा लक्षात असू द्या, आणि चौथी ओळ आधी विचारा.