सरोवराकाठची पाच घरे
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी अनेक कुटुंबांतील मुले आज शिकागोच्या आसपास नोकरीनिमित्त स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेली वडीलधारी मंडळी नायगाराचे व गगनचुंबी इमारतींचे वर्णन हौसेने करितात. परंतु मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठी, इंडियाना राज्यातील वाळूच्या टेकड्यांत, काही जुनी घरे जतन करून ठेविली आहेत. तिकडे क्वचितच कोणाची पावले वळतात. त्या घरांविषयी आज दोन शब्द सांगावे असे योजिले आहे.

हा प्रदेश १९६६ साली संरक्षित झाला व २०१९ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जोसेफ बेली हा फरचा व्यापारी १८२२ साली येथे येऊन राहिला. त्याचे ठिकाण राखलेले आहे. जवळच चेलबर्ग या स्वीडिश शेतकरी कुटुंबाचे १८८५ सालचे घर आहे. आधीचे घर आगीत गेले, तेव्हा त्यांनी विटांचे बांधले. मला स्वतःला हे साधे घर फार आवडते.

तथापि खरी नवलाई आहे ती बेव्हर्ली शोअर्स येथील पाच घरांची. शिकागो येथे १९३३-३४ साली जागतिक प्रदर्शन भरले होते. उद्याचा मनुष्य कसा राहील हे दाखविण्यासाठी तेथे नमुन्याची घरे उभारिली होती. प्रदर्शन संपल्यावर रॉबर्ट बार्टलेट नामक जमीन-व्यापाऱ्याने त्यांपैकी काही विकत घेतली आणि १९३५ साली, बहुतेक तराफ्यांवर चढवून, सरोवर ओलांडून येथे आणिली. हेतू काही थोर नव्हता; आपले भूखंड खपावेत, एवढाच!

त्यांतील एक घर बारा कोनांचे, भिंती काचेच्या, आणि तळमजल्यावर चक्क विमान ठेवण्याची जागा! जॉर्ज फ्रेड केक हा त्याचा शिल्पकार. उन्हाळ्यात मात्र काचेतून येणाऱ्या उष्णतेपुढे थंड हवेच्या यंत्राचे काही चालेना. दुसरे घर रोस्टोन नामक कृत्रिम दगडाचे. यास दुरुस्ती कधी लागणारच नाही, असा त्याच्या कर्त्यांचा दावा होता. वीस-पंचवीस वर्षांतच तो दगड झिजला आणि त्यावर दुसरे आवरण चढवावे लागले. तिसरे पोलादी पत्र्यांचे. त्यास गंज चढला. चौथे सायप्रस लाकडाचे, पाचवे फ्लॉरिडाच्या धर्तीचे, गुलाबी रंगाचे, सरोवराकडे तोंड करून उभे.

उद्यानासाठी जमीन घेतल्यावर तेथील अनेक राहती घरे पाडण्यात आली. ही पाच १९८६ साली राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत दाखल झाली. पण नोंदीने छप्पर गळायचे थोडेच थांबते? दुरुस्तीचा खर्च अवाढव्य. तेव्हा इंडियाना लँडमार्क्स या संस्थेने एक तोड काढिली. घरे सरकारकडून पट्ट्याने घेतली आणि खासगी कुटुंबांस दीर्घ मुदतीने राहावयास दिली. अट अशी की, भाड्याऐवजी कुटुंबाने स्वखर्चाने घर मूळच्या रूपास आणावे. मालकी सरकारचीच राहावयाची. आपण लाखो डॉलर घातलेले घर मुदत संपताच सोडावयाचे!

या व्यवस्थेवर आक्षेप आहे. सार्वजनिक ठेवा असूनही दारे बहुधा बंद. आत पाहावयास मिळे ते वर्षातून एखाद्या वेळी, ठरलेल्या दिवशी, आणि त्याची तिकिटेही हातोहात संपत. आक्षेप खोटा नाही. परंतु ज्या घरात चूल पेटते त्या घराची गळती पहिल्या पावसातच ध्यानी येते. कुलपामागची गळती भिंत खचल्यावरच समजते. चार घरांस अशी कुटुंबे मिळाली व ती सावरली. काचेच्या घराचा खर्च इतका मोठा की ते पुढे कित्येक वर्षे रिकामेच राहिले. २०१६ साली राष्ट्रीय संवर्धन न्यासाने त्यास ‘राष्ट्रीय संपत्ती’ म्हणून घोषित केले, ते या चिंतेपोटीच.

मुलांकडे जाणाऱ्यांनी एक दिवस अवश्य काढावा. शिकागोहून साउथ शोअर मार्गाची आगगाडी थेट बेव्हर्ली शोअर्सला जाते. तेथील छोटे स्थानकही १९२९ सालचे असून तेही जपलेले आहे. पुढे घरांपर्यंत बरेच चालावे लागते. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी मुलास मोटार काढावयास सांगावे.