डबीवरची अक्षरे

मुलांनो,

आज मी तुम्हांला एका हरवलेल्या विमानाची हकिकत सांगणार आहे.

युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. तेथील लोकांनी बांध घालून, पाणी उपसून नवी जमीन मिळवली. अशा जमिनीवर आल्मेरे हे शहर वसले. १९७६ साली तेथे पहिले रहिवासी आले. शहर नवे, पण शेजारच्या सरोवराच्या तळाशी एक जुने विमान पडून होते.

दुसरे महायुद्ध चालू होते. २९ मार्च १९४३ च्या रात्री एक ब्रिटिश विमान बर्लिनवर बाँब टाकायला गेले. परत येताना जर्मन विमानाने ते पाडले. आतले सातही जण मरण पावले. त्यांत पाच ब्रिटनचे आणि दोन कॅनडाचे होते.

पुढे २००८ साली एका नावेच्या नांगराला विमानाचा तुकडा लागला. पण विमान कोणते? तज्ज्ञांना आधी ते दुसरेच वाटले. मग अवशेषांत सिगारेट ठेवायची एक डबी मिळाली. तिच्यावर मालकाच्या नावाची आद्याक्षरे होती. कोणत्या विमानात कोण होते, याच्या नोंदी सैन्याने जपल्या होत्या. अक्षरे आणि नोंद जुळली. विमानाची ओळख पटली. २०२० साली ते पाण्याबाहेर काढले. आता आल्मेरेतील एका वनात त्या सात जणांचे स्मारक आहे.

आपल्या रायगड जिल्ह्यातील यशवंत घाडगे मराठा पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत ते लढता लढता पडले. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह सापडला नाही. पण इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे.

आमच्या घरी एक फोटो आहे. गणवेशातले दहा जवान रांगेत उभे आहेत. त्यांतला प्रत्येक जण आजी बोटाने दाखवायची. आम्ही नुसते 'हो, हो' म्हणायचो. आज आजी नाही. फोटो आहे, पण नावे सांगणारे कोणी उरले नाही.

तुमच्याही घरी एखाद्या ट्रंकेत जवानाचा फोटो, बिल्ला किंवा पेन्शनचे कागद असतील. आजच आजीआजोबांजवळ बसा. हा कोण, गाव कोणते, पलटण कोणती, साल कोणते, ते विचारा. फोटोच्या मागे पेन्सिलने हलक्या हाताने लिहून ठेवा.

एका डबीवरच्या अक्षरांनी सात जणांचा पत्ता लागला. तुम्ही लिहिलेली एक ओळही कधीतरी कोणाचे नाव राखील.