मुंबईची ट्राम आणि मिलानची ट्राम



विवेकानंद जयंतीच्या उत्सवात हिवरा आश्रमाला महाप्रसादाची पंगत बसते, तेव्हा वाढायला ट्रॅक्टर फिरतात. एवढ्या माणसांतून कोणाला धक्का न लावता तो कसा सावकाश जातो, हे आपण पाहिले असेल. शहराच्या भर रस्त्यातून अशीच गर्दी सांभाळत जाणारी एक गाडी होती. तिचे नाव ट्राम. रूळ रस्त्यातच पुरलेले, त्यांचा माथा रस्त्याच्या बरोबरीला; त्यावरून बैलगाडीही जावी आणि माणूसही.

मुंबईत ट्राम 9 मे 1874 रोजी सुरू झाली, तेव्हा ती घोडे ओढीत. विजेची ट्राम 7 मे 1907 ला आली. गुरुजी, येथे मुलांना विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. ट्रामच्या डोक्यावर तार एकच. विजेला तर जायला एक आणि यायला एक अशा दोन वाटा लागतात. मग दुसरी कोठे? ती पायाखाली! टपावरच्या दांडीतून वीज मोटारीत उतरे आणि चाकांतून रुळात जाऊन माघारी जाई. एक सेल, लहानसा दिवा, एक तार आणि एक लोखंडी पट्टी घ्या. टेबलावर ट्रामची वीज दाखवता येते. पावसात चाक घसरू लागले, तर रुळावर वाळू सोडायची सोयही गाडीतच असे.

31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्राम गेली. बस हवी तशी वळते, ट्रामला वळता येत नाही. पुढची एक बंद पडली की मागची सारी रांग खोळंबते. हा हिशेब काही खोटा नव्हता. पण मोडीत काढताना चार गाड्या चालत्या ठेवाव्यात, हे काही झाले नाही. लोक मात्र अजून 'दादर टी. टी.' म्हणतात, टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. 2017 साली फ्लोरा फाउंटनपाशी खणताना जुने रूळ वर आले. आणि बोरीबंदरासमोरच्या भाटिया बागेत ट्रामचा एक डबा मांडायचा ठरला, तेव्हा तो कलकत्त्याहून आणावा लागला. आठवण मुंबईची, डबा परगावचा!

इटलीतल्या मिलान शहरात 1928 च्या घडणीच्या ट्राम आहेत. सालावरून लोक त्यांना 'अठ्ठावीस' म्हणतात. पाचशेंवर बांधल्या होत्या, त्यांतल्या शंभरावर आजही रोजचे उतारू नेतात. लाकडी बाकावर बसून माणसे कामाला जातात. पोर्तुगालच्या लिस्बन शहरात गल्ल्या अरुंद, चढ उभे, वळणे आवळ. लांब नवी ट्राम तेथे वळतच नाही, म्हणून छोट्या जुन्याच राहिल्या. वरचा सांगाडा जुना, पण 1990 नंतरच्या दशकात आतल्या मोटारी आणि ब्रेक बदलून घेतले. हे बदलणे फार महत्त्वाचे. त्याच शहरात 3 सप्टेंबर 2025 रोजी पोलादी दोराने चढावर ओढली जाणारी 'ग्लोरिया' ही जुनी गाडी दोर सुटल्याने कोसळली आणि 16 माणसे गेली. जुनी गाडी चालवायची तर ती रोज तपासणारा कारागीरही हवा. नुसते कौतुक धोक्याचे.

आपल्याकडे मूर्तिजापूरची शकुंतला घ्या. अडीच फुटी रूळ, वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी घातलेले. एका बाजूला यवतमाळ, दुसऱ्या बाजूला अचलपूर. मँचेस्टरला 1921 साली घडलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत राबले. आज ती गाडी बंद आहे.

एवढे लांब तरी कशाला जावे? बैलगाडीचे चाक पाहा. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात, लालबुंद तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. आवळताना आरे तुंब्यात घट्ट बसतात. ट्रामच्या चाकालाही पोलादी धाव अशीच तापवून बसवीत. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला उष्णतेने प्रसरण पावण्याचा धडा तो हाच. आता गावोगाव रबरी टायरच्या गाड्या झाल्या, आणि धाव बसवणारे सुतार-लोहार म्हातारे होत चालले. गुरुजी, अशा कारागिराला एक दिवस शाळेत बोलवा. तुंब्याला लाकूड कोणते, आऱ्यांना कोणते, धाव किती आखूड ठेवायची, रंग कसा आला की उचलायची, हे मुलांनी त्याला विचारून वहीत उतरून घ्यावे. चाक मोडके असले तरी चालेल.