खिळा आणि क्रूस : एका दुर्लक्षित तबकडीचे अर्थकारण
(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



परदेशी संगीताचा विषय निघाला की कार्यकर्त्यांच्या बैठकीत दोन मते हमखास ऐकू येतात. रॉक संगीत हा अमेरिकन भांडवलशाहीने जगाच्या बाजारात आणलेला माल आहे, सबब त्याचा विचार करण्याचे कारण नाही, हे पहिले मत. ज्या गाण्यात घोषणा आहे ते पुरोगामी आणि ज्यात नाही ते प्रतिगामी, हे दुसरे. दोन्ही मते माप न घेताच कापड फाडणारी आहेत. १९८१ साली लॉस एंजेलिस शहरात निघालेल्या एका तबकडीच्या निमित्ताने ती तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. तबकडीचे नाव ‘बेटर लक’. ती काढणारा वादकसंच ‘द प्लग्झ’. रॉकच्या रूढ इतिहासग्रंथांत हे नाव सापडलेच तर एखाद्या ओळीत सापडते.

या तबकडीत तीन प्रवाह एकत्र आले आहेत : रॉकबिली, पंक आणि मेक्सिकन संगीत. तिन्हींचा उगम कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत आहे, हे सांगून समाजवादी श्रोत्याला खूश करणे सोपे आहे. परंतु ते प्रवाह कॅलिफोर्नियातच का मिळाले, याचे उत्तर शेतमजुरांच्या बाजारात शोधावे लागते आणि तेथे चित्र इतके सुखावह नाही.

१८४८ च्या तहापर्यंत कॅलिफोर्निया हा मेक्सिकोचाच प्रांत होता. पुढे तेथील फळबागा आणि भाजीमळे मेक्सिकन मजुरांच्या श्रमावर उभे राहिले. १९३० नंतरच्या महामंदीत रोजगार आटताच या मजुरांना आगगाड्यांत भरून सीमेपलीकडे पाठविण्यात आले. त्यांची संख्या किती, याच्या अंदाजांत मोठी तफावत आहे. पण ती लाखांत मोजावी लागते आणि तीत जन्माने अमेरिकन नागरिक असलेलेही पुष्कळ होते. रिकाम्या झालेल्या मळ्यांत त्याच दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा या प्रांतांतून उद्ध्वस्त झालेले गोरे शेतकरी मजुरीला आले. मग महायुद्ध आले, गोरे मजूर विमानांच्या व जहाजांच्या कारखान्यांत गेले आणि १९४२ मध्ये ‘ब्रासेरो’ करारान्वये पुन्हा मेक्सिकन मजूर आणवले गेले. १९६४ पर्यंत चाललेल्या या योजनेखाली सुमारे ४६ लाख करार झाले. योजना चालू असतानाच, १९५४ मध्ये, सामूहिक हद्दपारीची आणखी एक मोहीम निघाली. एका दाराने आणावयाचे व दुसऱ्याने हाकलावयाचे, आणि दोन्ही वेळी मजुरीचा दर खाली ठेवावयाचा, असा हा व्यवहार होता.

या गोऱ्या निर्वासितांनी आपले संगीत बरोबर आणले. मॅडॉक्स बंधू आणि त्यांची बहीण रोझ यांचे कुटुंब १९३३ मध्ये अलाबामातून मालगाड्यांतून फुकट प्रवास करीत कॅलिफोर्नियात पोचले आणि फळतोडणी करू लागले. पुढे त्यांनी जो वादकसंच उभारला, त्यात उभ्या बासच्या तारा ओढून फळीवर आपटण्याची जी रीत होती, तीच रॉकबिलीची नाडी ठरली. रॉकबिलीचा जन्म १९५४ च्या मेम्फिसमध्ये, एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या तबकडीपाशी मांडण्याचा प्रघात आहे, आणि डोंगरी गोऱ्यांच्या गीतांचा व कृष्णवर्णीयांच्या ब्लूजचा संकर म्हणून तो चुकीचा नाही. मात्र त्याआधीची शेतमजुरांची वाट विसरता कामा नये. ज्यांना एकमेकांच्या जागी आणून एकमेकांचे भाव पाडण्यात आले, त्या दोन समूहांची गाणी पुढे एकाच तबकडीवर आली, हे ‘बेटर लक’चे खरे वैशिष्ट्य होय.

मेक्सिकन बाजूचा पहिला पूल रिची व्हॅलेन्सने बांधला. पाकोइमाच्या कामगारवस्तीतील या मुलाचे मूळ आडनाव व्हॅलेन्सुएला; ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकाने ते विक्रीसाठी छाटले. १९५८ मध्ये त्याने व्हेराक्रूझ प्रांतातील ‘ला बांबा’ हे पारंपरिक लोकगीत विजेच्या गिटारीवर आणले. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, तो विमान अपघातात गेला. पुढील वीस वर्षांत पूर्व लॉस एंजेलिसमध्ये अनेक वादकसंच झाले, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध २९ ऑगस्ट १९७० चा प्रचंड चिकानो मोर्चा झाला, त्या दिवशी पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांड्याने पत्रकार रुबेन सालाझार ठार झाले. पण ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या लेखी ही बाजारपेठ मोजण्याजोगी नव्हती.

पंकने येथे उपयोगाचे काम केले. तीन स्वर जाणणाऱ्यास मंचावर चढण्याचा अधिकार आहे, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान. १९७७ पासून हॉलिवूडच्या तळघरांत ते गाजू लागले. त्याच सुमारास मेक्सिकोतील हुआरेस येथे जन्मलेला तीतो लारिवा, सीमेच्या अलीकडील एल पासोचा किशोरवयीन ड्रमवादक चार्ली क्विन्ताना आणि बासवादक बॅरी मॅकब्राइड यांनी ‘प्लग्झ’ची स्थापना केली. १९७९ मध्ये त्यांनी ‘इलेक्ट्रिफाय मी’ ही पहिली तबकडी स्वतःच्याच नावाच्या संस्थेतर्फे काढली. तीत ‘ला बांबा’ होते. मात्र भरधाव वेगात, आणि मूळ गीतातील खलाशी-कप्तानाच्या जागी अराज्यवादाची थट्टेखोर घोषणा घालून. घोषणाप्रेमी साथींना ही पहिलीच तबकडी अधिक आवडेल. तिच्यातील जोम नाकारण्याचे कारण नाही. पण त्या घोषणेत चेष्टेचा भाग किती आणि निष्ठेचा किती, हे ठरविणे कठीण आहे.

‘बेटर लक’ दोनच वर्षांनी आली आणि ती वेगळ्या जातीची आहे. वेग आवरला आहे. गिटारीला जुन्या रॉकबिलीचा टणत्कार आला आहे, चालींना श्वास घेण्यास जागा मिळाली आहे. ‘एल क्लाव्हो ई ला क्रूस’, म्हणजे ‘खिळा आणि क्रूस’, हे स्पॅनिश गाणे इंग्रजी गाण्यांच्या पंगतीत कोणतीही प्रस्तावना न करता बसते. पहिल्या तबकडीत मेक्सिकन गाणे हे ओळखीचे सोंग उलटे करून दाखविण्यासाठी आले होते. येथे ते घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेसारखे येते. राजकीय घोषणा जवळजवळ नाहीतच. तरीही दोन्हींत अधिक राजकीय कोणती, असे विचारल्यास उत्तर ‘बेटर लक’ असेच द्यावे लागेल. कारण ज्या समाजाला शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, त्याच्या मुलाने ती भाषा कोणाचीही परवानगी न मागता वापरणे, ही गोष्ट घोषणेपेक्षा मोठी आहे.

काळाचाही विचार केला पाहिजे. याच वर्षांत लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडील अवजड उद्योगांचा पट्टा उद्ध्वस्त होत होता. साउथ गेटचा फायरस्टोन टायर कारखाना १९८० मध्ये बंद झाला, जनरल मोटर्सचा मोटार कारखाना १९८२ मध्ये, आणि व्हर्नन येथील बेथलेहेम पोलाद कारखानाही १९८२ मध्येच. १९७८ च्या जनमतकौलाने मालमत्ताकरावर मर्यादा घातली होती, तिचे चटके शाळांना बसू लागले होते. जवळच्या डाउनी गावातील ‘ब्लास्टर्स’ या रॉकबिली संचातील आल्विन बंधूंचे वडील पोलाद कामगार युनियनचे संघटक होते. या पिढीने जुने संगीत उकरून काढले ते निव्वळ हौसेपोटी नव्हे. वडिलांची नोकरी ज्या जगात पक्की होती, त्या जगाचा तो आवाज होता.

आता तबकडीच्या मागील व्यवहार. ‘बेटर लक’ ज्या ‘फातिमा रेकॉर्ड्स’तर्फे निघाली, ती लारिवाने योलान्दा कोम्पारान आणि छापचित्रकार रिचर्ड दुआर्दो यांच्यासमवेत काढलेली संस्था. पूर्व लॉस एंजेलिसच्या ‘द ब्रॅट’ या संचाची छोटी तबकडीही तिने १९८० मध्ये प्रसिद्ध केली होती. उत्पादनाची साधने कलावंतांच्या हाती आली, असे म्हणून टाळ्या मिळविता येतील. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबू नये. ध्वनिमुद्रण, ठसे, छपाई, वेष्टन यांचा सर्व खर्च आरंभीच करावा लागतो. माल वितरक नेतो, तो परतीच्या बोलीवर. पैसे महिन्यांनी देतो, आणि पुष्कळदा पुढची तबकडी हाती येईपर्यंत मागचे बिल चुकते करीत नाही. म्हणजे छोटा उत्पादक आपल्या तुटपुंज्या खेळत्या भांडवलातून वितरकालाच बिनव्याजी कर्ज देत असतो. छापखाना ताब्यात आला तरी बाजारपेठेचा रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा राहतो. सहकारी चळवळीत काम केलेल्यांना हे निराळे सांगावयास नको.

रेडिओची अडचण वेगळीच. इंग्रजी केंद्रे स्पॅनिश गाणे लावीत नसत आणि स्पॅनिश केंद्रांना पंक नको होते. दोन्हींकडची तबकडी दोन्हींकडून बाहेर राहिली. बाजारात मालाला नाव लागते; ‘बेटर लक’ला नाव देता येईना.

हॉलिवूडच्या क्लबांनी पूर्वेकडील मेक्सिकन संचांना दारे बंद केली होती, अशी एक कथा पुढे रूढ झाली. स्वतः त्या संचांतील काहींनी ती अतिरंजित ठरविली आहे, आणि प्लग्झ हॉलिवूडमध्ये नियमित वाजवीत होते, हेही खरे. तरीही पूर्वेकडे स्वतःचे व्यासपीठ नव्हते. ते १९८० मध्ये ‘व्हेक्स’ या नावाने सुरू झाले, ते सेल्फ हेल्प ग्राफिक्स या मुद्रणकला केंद्राच्या सभागृहात. केंद्र चालवीत होत्या कॅरेन बोकालेरो या फ्रान्सिस्कन जोगीण! त्याच वर्षी लारिवाच्या पुढाकाराने ‘लॉस लोबोस’ या संचाने ऑलिंपिक सभागृहात पंक श्रोत्यांपुढे मेक्सिकन लोकवाद्ये वाजविली, तेव्हा त्यांच्यावर हाती येईल त्या वस्तूंचा मारा झाला. पंकच्या बंडखोरीवर भाबडा विश्वास ठेवणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. पुढे ब्लास्टर्सनी त्याच लॉस लोबोसची शिफारस करून त्यांना प्रकाशक मिळवून दिला.

यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. १९८४ मध्ये ग्रॅमी पारितोषिकांत ‘मेक्सिकन-अमेरिकन’ असा स्वतंत्र रकाना उघडला गेला आणि लॉस लोबोसना त्याचा मान मिळाला. रकाना मिळाला, पंगत मात्र वेगळीच राहिली. १९८७ मध्ये व्हॅलेन्सच्या जीवनपटासाठी त्यांनी गायिलेले ‘ला बांबा’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. प्लग्झला थोडी प्रसिद्धी मिळाली ती अॅलेक्स कॉक्सच्या १९८४ मधील ‘रेपो मॅन’ या चित्रपटामुळे. कर्जाचे हप्ते थकलेल्यांच्या मोटारी ओढून नेणाऱ्यांवरील या चित्रपटात ‘एल क्लाव्हो ई ला क्रूस’ होते आणि पार्श्वसंगीतही लारिवा व स्टीव्हन हफस्टेटर यांचे होते. त्याच वर्षी २२ मार्च रोजी बॉब डिलनने डेव्हिड लेटरमनच्या दूरदर्शन कार्यक्रमात तीन गाणी सादर केली, तेव्हा मागे क्विन्ताना आणि प्लग्झचा नंतरचा बासवादक टोनी मार्सिको होते. कोट्यवधींच्या देशाने त्यांना पाहिले आणि नावे कोणीच विचारली नाहीत.

मग प्लग्झचे ‘क्रुझाडोस’ झाले, १९८५ मध्ये बड्या कंपनीतर्फे तबकडी निघाली. ती अधिक सफाईदार आहे आणि कमी ऐकण्यासारखी आहे. क्विन्ताना पुढे ‘सोशल डिस्टॉर्शन’ या पंक-रॉकबिली संचात काही वर्षे होते. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. दुआर्दो २०१४ मध्येच गेले होते. लारिवांना १९९६ च्या ‘फ्रॉम डस्क टिल डॉन’ चित्रपटातील सीमेवरच्या दारूगुत्त्यात वाजविणाऱ्या संचाचे नायक म्हणून जगाने ओळखले. त्या प्रसंगीचे ‘आफ्टर डार्क’ हे गीत त्यांनी हफस्टेटर यांच्यासह रचलेले. ‘बेटर लक’ त्यानंतरही दीर्घकाळ जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांपुरतीच उरली होती.