मागणाऱ्याचा अधिकार



माझा भाचा अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळवून राहिला आहे. नव्या नोकरीवर रुजू होताना कंपनीच्या कारकुनाने फर्मावले, "ग्रीन कार्डच पाठवा." त्याने निमूटपणे ई-मेलने प्रत धाडली. पुढे कळले की, तशी सक्ती मुळी नव्हतीच!

तिकडचा १९८६ चा कायदा सांगतो, मालकाने प्रत्येक नव्या नोकराची ओळख आणि काम करण्याचा हक्क तपासावा. मग तो तिथला नागरिक असो वा परका. त्यासाठी 'आय-९' हा अर्ज असतो. पण ठरलेल्या यादीतले कोणते कागद दाखवायचे, हे नोकराने ठरवायचे. वाहन चालविण्याचा परवाना आणि निर्बंधाचा शेरा नसलेले सोशल सिक्युरिटी कार्ड, एवढ्यानेही भागते. अर्ज जपण्यालाही मुदत आहे : नेमणुकीपासून ३ वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १ वर्ष, यांत जे उशिरा येईल तोपर्यंत.

आपण म्हणाल, लपविण्यासारखे काही नाही, मग भय कसले? अहो, त्या एका कार्डावर छायाचित्र, जन्मतारीख, जन्मदेश, क्रमांक सारे काही असते. आपण चोर नाही, म्हणून घराची किल्ली कोणी गावभर वाटतो काय?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पण हक्क वापरला तरच टिकतो. म्हणून परदेशी निघालेल्या मुलांना शिदोरीबरोबर ३ प्रश्न बांधून द्या : कागद कशासाठी? कोणत्या नियमाने? किती दिवस ठेवणार? नम्रपणे विचारावे, पण विचारावेच.